एकोणपन्नासावा तास

शोधनिबंध वाचायला ४८ तास मिळतील. डाउनलोड करता येणार नाही. छापता येणार नाही. भाव डॉलरमध्ये, आपल्या पैशात तेराशेच्या आसपास. कार्डाचे आकडे भरा आणि वाचायला बसा.

यावर आमचा काहीएक आक्षेप नाही. ज्ञान महाग असतंच. फक्त एक शंका आहे, तीही नम्र. एकोणपन्नासाव्या तासाला वाचकानं नेमकं काय करायचं असतं?

पान बंद होणार हे कळलं. पण डोक्यात गेलं त्याचं काय? ४८ तासांचे पैसे भरून वाचलेला मजकूर पन्नासाव्या तासाला आठवला, तर ती चोरी धरायची का? साठाव्या तासाला आंघोळ करताना तिसरं समीकरण अचानक उलगडलं, तर त्याचं जादा भाडं कुठल्या खिडकीवर भरायचं? अटी-शर्तींत याविषयी चकार शब्द नाही. आम्ही त्या शेवटपर्यंत वाचल्या. अटी मात्र हव्या तितके तास वाचता येतात, आणि फुकट.

ही शंका आम्हाला एका सरांमुळे आली. सर सांगलीकडच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात मशीन लर्निंग शिकवतात. त्यांच्या बढतीची फाइल तयार होत होती आणि फाइलला शोधनिबंधाची अंतिम, छापील रूपातली प्रत जोडायची होती. निबंध सरांचाच. म्हणजे लिहिला त्यांनी, आकृत्या काढल्या त्यांनी, रात्र रात्र जागून प्रयोग चालवले त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीनं. वाचायला मिळणार ४८ तास.

निबंधाचा विषय ऐका. विसरणं. यंत्राला नवीन काही शिकवायला गेलं की ते जुनं शिकलेलं साफ विसरतं, हे दुखणं १९८९ पासून माहीत आहे. मग २०१५ च्या सुमारास उलटं दुखणं पुढं आलं. यंत्राला मुद्दाम विसरायला लावायचं कसं? कुणी म्हणालं, माझी माहिती तुमच्या यंत्रातून काढून टाका, तर नुसती ओळ पुसून भागत नाही, कारण त्या ओळीचा परिणाम आतल्या लाखो आकड्यांत मुरलेला असतो. सगळं पहिल्यापासून शिकवावं तर खर्च परवडत नाही, अर्धवट पुसावं तर खरंच पुसलं का हे सिद्ध करता येत नाही. जगभर माणसं यावर डोकं आपटताहेत. मशीन अनलर्निंग म्हणतात त्याला. आणि इकडे प्रकाशकानं हाच प्रश्न माणसापुरता सोडवून दरासकट जाहीर केलाय! ४८ तास शिका, पुढं विसरा. सरांनी या पद्धतीचा संदर्भ आपल्या निबंधात दिला नाही, ही त्यांची चूकच म्हणायची.

आता स्वतःच्या निबंधाची प्रत सरांकडे कशी नाही, असं विचारणारे वाचक या व्यवसायातले नसावेत. प्रकाशकानं निबंध प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांपुरता एक मोफत दुवा पाठवला होता. तो गेला पहिल्या लेखकाला, म्हणजे विद्यार्थिनीला, महाविद्यालयाच्या ईमेलवर. ती पदवी घेऊन बेंगळुरूला नोकरीला गेली आणि महाविद्यालयानं नियमाप्रमाणे तिचं ईमेल खातं बंद केलं. मेल आला, कुणी पाहिला नाही, दिवस संपले. सरांनी प्रकाशकाला लिहिलं की मी या निबंधाचा लेखक आहे. तिकडून तत्परतेनं उत्तर आलं. आपल्या संस्थेची वर्गणी आहे का हे कृपया ग्रंथपालांना विचारावं.

ग्रंथपालांना विचारलं. ग्रंथपाल हसले. जानेवारी २०२५ पासून देशानं एकगठ्ठा वर्गणी भरली आहे. तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. पण पहिल्या टप्प्यात लाभ सरकारी संस्थांना. विनाअनुदानितांचा नंबर नंतर. महाराष्ट्रात अभियांत्रिकीची बहुतेक पोरं आणि त्यांना शिकवणारे बहुतेक सर या ‘नंतर’मध्ये मोडतात. सहा हजार कोटी मोजूनही सर दाराबाहेरच.

गंमत अशी की हाच निबंध, शब्दन् शब्द, समीकरणासकट, इंटरनेटवर फुकट पडलेला आहे. सरांनीच ठेवलाय, छापून येण्याच्या वर्षभर आधी. या विषयात तशी रीतच आहे. भौतिकशास्त्रातल्या मंडळींनी १९९१ मध्ये पाडलेली ही वाट, छापून येण्याआधीच हस्तलिखित सगळ्यांपुढं मांडून टाकायची. मशीन लर्निंगवाल्यांनी तिचा हमरस्ता केला. आज रात्री निबंध टाकला तर उद्या सकाळी सोलापूरपासून सोलपर्यंत कुणीही वाचतो, परवा कुणीतरी चूक काढतो, आणि नियतकालिकाचा पहिला परीक्षक मेल उघडेपर्यंत त्या चुकीवर आणखी दोन निबंध आलेले असतात. तर सर हा फुकटचा निबंध घेऊन आस्थापना विभागात गेले. तिथल्या भाऊसाहेबांनी तो पालथा-उलथा करून पाहिला.

“सर, ह्याच्यावर पान नंबर कुठाय?”

“भाऊसाहेब, मजकूर तोच आहे.”

“मजकूर असू दे की. पान नंबर पाहिजे. अंक नंबर, खंड नंबर, पान नंबर. नमुन्यात तसा रकाना हाय.”

अंतिम प्रतीत पान क्रमांक आहेत. पान क्रमांक प्रकाशक घालतो. लोक म्हणतात प्रकाशक करतो काय. तर हे करतो.

बाकीचं कोण करतं, हेही एकदा सांगून टाकू. लिहितात लेखक, फुकट. तपासतात परीक्षक, तेही फुकट, रविवारी, पोरांची परीक्षा असताना. संपादन करतात दुसऱ्या विद्यापीठातले प्राध्यापक, बहुतेक फुकट, किंवा नावापुरत्या मानधनावर. मांडणी म्हणावी तर या विषयात लेखक स्वतःच लाटेक या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी चोख करून देतो की नुसतं छापायचं बाकी असतं. ती चोख मांडणी प्रकाशक उसकटतो आणि पुन्हा जुळवायला बाहेर देतो. बाहेर म्हणजे कुठं? पुष्कळदा चेन्नईला, पुदुच्चेरीला. सांगलीत लिहिलेलं, चेन्नईत जुळवलेलं, सांगलीत पुन्हा वाचायचं तर पैसे समुद्रापलीकडे पाठवायचे, तेही डॉलरनं. मधल्या जुळवाजुळवीत सरांच्या एका समीकरणातलं वजाचं चिन्ह गळालं. त्यामुळे यंत्राची चूक कमी करणारं सूत्र आता छापील रूपात चूक वाढवणारं सूत्र झालं आहे. फुकटच्या प्रतीत ते बरोबर आहे. विकतच्या प्रतीत ते चुकीचं आहे, पण त्याला पान क्रमांक आहे.

मुद्रितं तपासायला दिली नव्हती का? दिली होती. परीक्षणात अकरा महिने गेले, पुनर्परीक्षणात चार. मग एका शुक्रवारी रात्री मेल आला: मुद्रितं जोडली आहेत, ४८ तासांत तपासून पाठवावीत, अन्यथा आहेत तशीच छापली जातील. हा आकडा यांना इतका का आवडतो कळत नाही. लेखकाला ४८ तास, वाचकाला ४८ तास. आणि त्यांना स्वतःला? पंधरा महिने! पंधरा महिन्यांत बाळ पोटात राहून, जन्माला येऊन बसायला लागतं. मशीन लर्निंगमध्ये तर पंधरा महिन्यांत आख्खी पद्धत जन्मते, गाजते, अभ्यासक्रमात येते आणि कालबाह्य होते. अभ्यासक्रमातून मात्र ती पुढची सहा वर्षं जात नाही, पण तो राग पुन्हा कधीतरी काढू.

शेवटी सरांनी ४८ तास विकत घेतले. शुक्रवारी संध्याकाळी, कारण भाऊसाहेब म्हणाले होते सोमवारी फाइल वर जाणार. इथून आमच्या डोळ्यांसमोर सारखं मंगल कार्यालय येतं. कार्यालय तासांवर घेतलं की वेळ संपत आली की नाही हे घड्याळात बघावं लागत नाही. व्यवस्थापक एकेक पंखा बंद करायला लागतो. विहीण अजून जेवते आहे, आहेराची यादी चालली आहे, नवरा-नवरी कुणाच्या तरी फोटोत अडकली आहेत, आणि तिकडे सतरंजी गुंडाळायचा आवाज सुरू. तसंच सरांचं झालं. शनिवारी दुपारी लाइट गेली ती रात्री आली; तास लाइटबरोबर थांबत नाहीत. रविवारी सासुरवाडीची माणसं आली. तास पाहुण्यांबरोबर चहाला बसत नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यात किती वेळ उरला हे दिसत नव्हतं, म्हणून सरांनी मोबाइलवर गजर लावून ठेवला होता, आणि तो वाजला की पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारायचं, काय, गोळी घ्यायची आहे का? आदल्या रात्री, शनिवारी अकराला, बाई दिवाणखान्यात डोकावल्या होत्या.

“अहो, कुणाचं एवढं वाचताय?”

“माझंच.”

बाई काही बोलल्या नाहीत. पण कार्यालयात निदान नवऱ्या मुलाला दारात अडवून पावती तरी मागत नाहीत हो! त्याच्या बापानं आचारी आणायचा, भाजी चिरायची, वाढपी म्हणून पाहुण्यांनीच उभं राहायचं, आणि मग पंगतीला बसताना व्यवस्थापकानं त्याच बापाला विचारायचं, ताट घेणार की नुसतंच ४८ तास बघणार?

सरांनी सही केली होती ना, असं कुणी म्हणेल. केली होती. निबंध स्वीकारला गेल्यावर एक पान येतं, त्यावर सगळे हक्क प्रकाशकाच्या नावे करून द्यायचे असतात. पर्याय असतो. हक्क स्वतःकडे ठेवा आणि निबंध सगळ्यांना खुला करा, फक्त शुल्क भरा. नामांकित ठिकाणी हे शुल्क दहा लाख रुपयांच्या वर जातं. आपल्याकडे पीएच. डी. करणाऱ्या, चांगली विद्यावृत्ती मिळालेल्या मुलाला महिना ३७,००० रुपये मिळतात, तेही वेळेवर मिळाले तर. त्यानं सव्वादोन वर्षं जेवण, भाडं, चहा सगळं सोडून दिलं तर त्याचा एक निबंध खुला होतो. गरीब देशांना सवलत आहे, पण त्या यादीत भारत सहसा बसत नाही. आपली अर्थव्यवस्था मोठी आहे. ती सरांच्या खात्यावर का दिसत नाही, एवढंच सरांना कळत नाही. या पैसे भरून खुलं करण्याच्या मार्गाला तिकडे सोनेरी मार्ग म्हणतात. लेखक आणि वाचक दोघांनाही फुकट असतो तो हिऱ्याचा मार्ग. या विषयातली काही सगळ्यात मानाची ठिकाणं हिऱ्याच्याच मार्गावर आहेत, सगळा खटाटोप प्राध्यापक आपल्या वेळात करतात, आणि तरी ती चालतात, वर्षानुवर्षं चालतात. मग सोनेरी मार्गावरचा टोल कशाचा? रस्ता बांधून झाला, वसूल झाला, तरी टोल उठत नाही, हे महाराष्ट्राला नव्यानं काय सांगायचं.

आणि कृपा करून आम्हाला कुणी तोट्याची गोष्ट सांगू नये. काही मोठ्या प्रकाशकांचा नफा शंभराला तीसच्या वर आहे, त्यांच्याच ताळेबंदात. कच्चा माल फुकट, मजुरी फुकट, तपासणी फुकट आणि गिऱ्हाईक म्हणून ज्यानं माल पिकवला तोच! ऊस घालणाऱ्याला निदान बिल मिळतं, उशिरा का होईना. इथं ऊस घालणाऱ्यानंच साखरेचे पैसे आगाऊ भरायचे आणि ती ४८ तासांत चाटून संपवायची.

मशीन लर्निंगवाल्यांना हे कळत नाही असं नाही. उलट त्यांना ते फार लवकर कळलं. २००१ मध्ये एका वर्गणीच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळातल्या चाळीस जणांनी जाहीर पत्र लिहून राजीनामे दिले आणि ते फुकटच्या नियतकालिकाकडे गेले. २०१८ मध्ये तर हजारो संशोधकांनी सही करून सांगितलं की या विषयातल्या बंद दाराआडच्या नव्या प्रकाशनासाठी आम्ही लिहिणार नाही, तपासणार नाही, संपादणार नाही. या विषयातल्या मोठ्या परिषदांचे निबंध तर बहुतेक सगळे जाहीर खुले असतात. जगाच्या पाठीवर मशीन लर्निंगमधलं महत्त्वाचं जे काही घडतं, ते बहुतेक परिषदेत घडतं, नियतकालिकात नव्हे.

आता आपल्याकडचा बढतीचा नमुना काढा. रकाना पहिला: नियतकालिकातील प्रकाशने, गुण भरपूर. परिषदेतील सादरीकरण: खाली, बारीक अक्षरात, गुण चिमूटभर, आणि ते कंसात. जगातल्या सगळ्यात अवघड परिषदेत, जिथं चारातले तीन निबंध परत पाठवतात, तिथं निबंध लागला तरी तो त्याच चिमटीत. आणि शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात नारळ फोडून, शाल-श्रीफळ देऊन, दुपारच्या जेवणाआधी उरकलेली ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदही त्याच चिमटीत. हा नमुना ज्यानं कुणी केला, त्याला मशीन लर्निंग माहीत असण्याची अपेक्षा नाही, पण त्याला माणसं तरी माहीत असावीत! फुकट आणि खुल्या जागी निबंध देणाऱ्याला आपण दंड करतो आणि हक्क लिहून देऊन कुलपात टाकणाऱ्याला वेतनश्रेणी. मग प्रकाशकांच्या नावानं बोटं मोडतो. ते दुकान चालतं ते आपल्या रकान्यावर. उद्या नमुन्यातून तो एक रकाना काढा, परवा ४८ तासांचं हे दुकान ओस पडेल. पण रकाना काढायला समिती लागते, समितीला बैठक लागते, बैठकीला कोरम लागतो, आणि समितीतल्या प्रत्येकानं त्याच रकान्यातून वर येऊन खुर्ची धरलेली असते. त्यांनी का म्हणून काढावा? आम्ही भोगलं, तुम्हीही भोगा. आमच्या वेळी तर पोस्टानं यायची मुद्रितं.

एक राहिलंच. एक वाचक असा आहे ज्याला ४८ तासांची अट नाही. २०२४ मध्ये काही प्रकाशकांनी आपल्या साठ्यातला मजकूर यंत्रांना शिकवण्यासाठी तंत्रज्ञान कंपन्यांना विकला. व्यवहार कोट्यवधी डॉलरचे. पुष्कळ लेखकांना बातमी वाचूनच कळलं. विचारायचं कशाला? सही आहेच. त्या गठ्ठ्यात सरांचा निबंध असला, तर बघा कशी मौज आहे. यंत्रानं विसरावं कसं, हे सांगणारा निबंध यंत्रानं वाचला आणि ते तो कधीच विसरणार नाही, कारण यंत्राला विसरायला कसं लावायचं ते अजून कुणाला धड जमलेलं नाही. ज्यानं तो लिहिला त्या माणसाला मात्र रविवारी संध्याकाळपर्यंतचीच मुदत. सर आता त्या यंत्रालाच विचारू शकतील, बाबा रे, माझ्या निबंधात मी काय म्हटलंय? ते सांगेलही. गळालेल्या वजाच्या चिन्हासकट सांगेल, पूर्ण आत्मविश्वासानं. त्या प्रश्नाचेही पैसे महिन्याच्या वर्गणीत जातात, ही गोष्ट वेगळी.

तर छपाईला बंदी. सरांनी रविवारी उरल्या तासाभरात मोबाइल काढला आणि पडद्याचे फोटो घेतले, एकेक पान करून. काही पानांवर सरांचं बनियन उमटलं आहे, एका पानावर पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. सोमवारी सकाळी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटा काढल्या, स्टेपल मारलं आणि भाऊसाहेबांसमोर ठेवल्या. भाऊसाहेबांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, बोटाला थुंकी लावून मधली मोजली.

“आले पान नंबर. बेस काम झालं, सर. आता ह्याच्यावर ‘खरी प्रत’ शिक्का मारायला मूळ प्रत दाखवा.”

“मूळ प्रत ऑनलाइन होती.”

“मग दाखवा की, कॉम्प्युटर हाय की इथं.”

“काल संध्याकाळी संपली ती.”

“संपली म्हणजे? लिवलंय तुम्हीच न्हवं?”

सरांनी अटी समजावून सांगितल्या. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतल्या. माणूस सज्जन आहे, पंचवीस वर्षं याच खुर्चीवर बसून त्यानं याहून विचित्र नियम पाळले आहेत. मग त्यांनी गठ्ठा सरांच्या हातात परत दिला.

“मग परत घ्या की ते अठ्ठेचाळीस तास. फकस्त शुक्रवारी नका घेऊ, सर. सोमवारी घ्या. ऑफिस चालू असतंय.”